दोन्ही बाजू ऐकून घेतल्या

सोमवार, ४ मार्च

आजपासून दैनंदिनी लिहायचं ठरवलं आहे. रोज लिहीनच असं नाही, कारण या गावात रोज लिहिण्यासारखं काही घडत नाही. पण आज पोलीस ठाण्याबाहेरच्या फळ्यावर कागद लागला. राखीव पोलीस स्वयंसेवक पाहिजेत. पगार नाही, वर्दी मिळेल, सहा महिने उमेदवारी. काम समाधानकारक वाटल्यास बिल्ला कायम.

मी अर्ज करणार आहे. गावात पोलीस म्हणून आहे कोण? एक शिपाई, तो पाठदुखीच्या रजेवर. आणि एक हवालदार, ज्याला पाठदुखी व्हायला आधी पाठ ताठ करावी लागेल. हा गृहस्थ दिवसभर दारोदार चहा पीत हिंडतो. गेल्या आठवड्यात एक ट्रक माझ्या हार्डवेअरच्या दुकानाचं दार अडवून उभा होता. मी हवालदाराला बोलावून आणलं, तर हा ट्रकला टेकून ड्रायव्हरच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत बसला. गुडघ्याचा विषय संपला तेव्हा ट्रक हलला. दंड नाही, दमदाटी नाही, काही नाही.

बायको म्हणाली, "अहो, तुमचं कुणाशी पटत नाही. पोलिसात जाऊन काय करणार तुम्ही?" पोलिसाचं कुणाशी पटायला नकोच असतं, एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात शिरत नाही.

मनापासून पाठिंबा दिला तो फक्त मेहुण्यांनी. मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. आमच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. अख्ख्या गावात डोकं ठिकाणावर असलेला हा एकच माणूस. शर्टाला सुरकुती नाही, आवाज कधी चढत नाही, दुकानातल्या बाटल्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या. म्हणाले, "दादा, तुमच्यासारख्यांनीच पुढे यायला हवं." आणि अशा माणसाच्या गळ्यात पडली आहे आमची वेंधळी. कधी कपाटाला धडकते, कधी जिन्यावरून घसरते. लग्नाआधी अशी नव्हती. सुखात माणूस ढिला पडतो, दुसरं काय.

शनिवार, १६ मार्च

माझी निवड झाली. तीन जागा होत्या. अर्जही तीनच आले होते, हा भाग वेगळा.

मुलाखत हवालदारानेच घेतली. समोर चहा होताच. त्याने विचारलं, "भर रस्त्यात दोन माणसं भांडतायत. तुम्ही काय कराल?"

"दोघांची नावं विचारीन."

"नावं तुम्हाला माहीत असतीलच की. गाव केवढंसं."

"तरी विचारीन."

यावर त्याने रुमाल काढून बराच वेळ तोंड पुसलं. उकाडा खूपच वाढला आहे.

माझ्याबरोबर निवडलेले दोघं कोण, तर एक दातांचा डॉक्टर. लोकांनी त्याच्याकडे जाणं सोडल्यामुळे त्याला वेळच वेळ आहे. राहतो मेहुण्यांच्या समोर, आणि दिवसभर खिडकीत. दुसरी बेकरीवाली. पीठ मळून मळून दंड पहिलवानाचे झाले आहेत आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. मला पाहून म्हणाली, "चला, आता गावात शिस्त येणार म्हणायची!" टोमणा होता की कौतुक ते कळलं नाही. मी कौतुक धरून चाललो आहे.

रविवार, ३१ मार्च

आज शहरातून प्रशिक्षण द्यायला साहेब आले होते. माणूस असावा तर असा. तीन तास उभे होते, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. दोन गोष्टी त्यांनी मनावर ठसवल्या. एक, वर्दी चढवली की नातं घरी ठेवायचं. ओळखीचा माणूस समोर आला तरी ओळख दाखवायची नाही. दोन, एका बाजूचं ऐकून कधी निघायचं नाही, दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या.

बेकरीवालीने हात वर केला. "साहेब, एक बाजू जमिनीवर पडलेली असली तर?"

डॉक्टर फिदीफिदी हसला. हवालदारही हसला. मी हसलो नाही. साहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, तेच योग्य होतं. साहेब गेल्यावर हवालदार आम्हाला म्हणतो कसा, "हे सगळं शहरात ठीक आहे. इथे ओळख हीच आपली काठी. ती घरी ठेवलीत तर हातात काय उरणार?" म्हणजे साहेबांची पाठ वळायचीच काय ती वाट बघत होता.

वर्दी मिळाली. शर्ट बरा आहे. पँट नडगीच्या मध्यावर थांबते. बायकोने सगळी शिवण उसवून पाहिली, पण आत सोडायला कापडच नव्हतं.

शनिवार, १३ एप्रिल

पहिली ड्यूटी. बाजाराचा दिवस, गर्दी आवरायला मी चौकात. साहेबांनी सांगितलं तसं काटेकोर वागलो. आमचीच बायको भाजीची पिशवी घेऊन समोर आली. म्हटलं, "बाई, मध्ये उभं राहू नका, बाजूने चला." तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवी माझ्या बुटावर ठेवली, पदर सावकाश नीट केला, पिशवी उचलली आणि मधूनच गेली. भाजीवाले दात काढत होते. काढोत.

थोड्या वेळाने धाकटी आली. या उन्हात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज आणि मनगटाला पट्टी. स्टुलावरून पडली म्हणे. स्टुलावर चढताना लक्ष कुठे असतं हिचं? म्हणाली, "दादा, दोन मिनिटं बोलायचं होतं."

"ड्यूटीवर मी कुणाचा दादा नाही. साहेब म्हण."

ती "बरं, साहेब" म्हणून निघून गेली. शिस्त अशी लागते. एकदा सांगावं लागतं, बास.

हवालदार पलीकडच्या टपरीवरून हे बघत होता. येऊन म्हणाला, "बहीण काय म्हणत होती?"

"काही नाही. घरगुती असेल."

"ऐकून घ्यायचं होतंत की."

आता हा मला शिकवणार! स्वतः मात्र दुपारभर कोंबडीवाल्याच्या खुर्चीत बसून होता. आणि पुढच्या महिन्यापासून मला संध्याकाळची फेरी कुठली दिली असेल, तर औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावरची. गावातला सगळ्यात सभ्य कोपरा! तिथे काय होणार आहे? विचारलं तर म्हणतो, "तुमच्याच माणसांचा कोपरा आहे. डोळे उघडे ठेवा. कान पण." मला कोपच्यात घालायचा डाव आहे, दुसरं काही नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

धाकटी दुकानात आली होती. तिला आतून लावायचा बोल्ट हवा होता, न्हाणीघराच्या दाराला. मी म्हटलं, तुझ्या घरात दोनच माणसं, बोल्ट कशाला? तर म्हणाली, "कडी नीट बसत नाही." मग मला विचारते, सगळ्यात जाड कुठला? न्हाणीघराला कुणी जाड बोल्ट लावतं का? तिजोरी आहे का ती? मी मधला दिला. ती म्हणाली, "जाडच दे ना, दादा." शेवटी दिला एकदाचा जाड. कसा बसवायचा ते दाखवायला लागलो तर म्हणाली, "मीच बसवीन, ते दुकानात असताना." नवऱ्याला त्रास नको म्हणून, असं मी समजलो. तेवढी तरी समज आली आहे.

संध्याकाळी बायको म्हणाली, "तुमच्या बहिणीचं मला काही ठीक दिसत नाही हो." मी तिला तिथेच थांबवलं. बायकांना एकमेकींच्या संसारात नाक खुपसल्याशिवाय घास उतरत नाही. ती भांडी आदळत आत गेली.

रविवार, ५ मे

मेहुण्यांकडे चहाला गेलो होतो. हात धुवायला न्हाणीघरात गेलो तर काय, तो बोल्ट एका स्क्रूवर लोंबतोय आणि चौकटीचा लाकडाचा तुकडाच निघालेला! चार दिवस नाही टिकला. मी धाकटीला म्हटलं, "स्क्रू तिरके घातलेस ना? तरी मी सांगत होतो." ती कपात साखर ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

मेहुणे किती समजूतदार! "जाऊ द्या दादा, लाकूडच कुजकं होतं," म्हणाले. म्हणजे दोष तिच्यावर येऊ दिला नाही. तिच्या कोपराला खरचटलं होतं, तर खालून स्वतः मलम आणलं, माझ्यासमोर हळुवार लावून दिलं. ती अंग चोरून बसलेली. मेहुणे हसून म्हणाले, "हिला औषधाची भीती वाटते." औषधवाल्याची बायको आणि औषधाची भीती! मी पोट धरून हसलो. आमच्या घरात मला सर्दी झाली तर बायको सुंठसुद्धा विचारत नाही.

बुधवार, ८ मे

आज माझी पहिली खरी चौकशी झाली, तीही मी एकट्याने केली. सविस्तर लिहितो.

दुपारी दुकानात वर्दी घालून तयार बसलो होतो, कारण चारला एसटी स्टँडवर उभं राहायचं होतं. धाकटी आली. म्हणाली, "शटर अर्धं ओढ." ओढलं.

"दादा, ते मला मारतात."

"कोण?"

"कोण म्हणजे? घरात आहे कोण दुसरं?"

मला प्रथम हसूच आलं. मग तिने बाही वर केली. दंड निळा पडला होता. पण निळं काय, कशानेही होतं. हातोडी लागून माझंही बोट आठवड्यातून एकदा निळं होतं. मी विचारलं, हे किती दिवस चाललंय? म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. मग आजच का सांगतेस?

"आजवर कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटायची. पण आता तू पोलीस आहेस ना. मला फक्त बाहेर कसं पडायचं ते सांग. आणि एवढ्यात कुणाला बोलू नकोस. त्यांना तर मुळीच नको."

मी तिला शांतपणे समजावलं, की हे झालं तुझं म्हणणं. ही एक बाजू. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय पोलिसाला पाऊल उचलता येत नाही. ती म्हणाली, "दुसरी बाजू काय असणार, दादा?" हाच तर घोळ आहे. प्रत्येक तक्रारदाराला असंच वाटतं. मी बघतो म्हटलं. तिने बाही मनगटापर्यंत ओढून घेतली आणि शटरखालून वाकून गेली.

स्टँडवरची ड्यूटी संपवून मी सरळ औषधांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो, मग आडपडदा न ठेवता सगळं विचारलं. ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं, कारण आरोप काय आहे हे समोरच्याला कळायलाच हवं.

मेहुण्यांनी चष्मा काढून पुसला. डोळ्यांत पाणी! म्हणाले, "दादा, तिचं मन अलीकडे थाऱ्यावर नसतं. मीच गोळ्या देतोय. बाहेर बोललो नाही, तुमच्या घरचं नाव आहे म्हणून. तुम्ही आधी माझ्याकडे आलात, फार बरं झालं. मला हे कळायलाच हवं होतं." एवढा मोठा आरोप, पण आवाज जरासुद्धा चढला नाही. खोटा माणूस आधी चढतो. निघताना मला डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी दिली, तुमची दगदग होते म्हणून.

दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. माझं पूर्ण समाधान झालं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली. "तुम्ही त्यांना जाऊन सांगितलंत?" आणि तशीच चपला अडकवून पळाली. परत आली तेव्हा म्हणाली, त्यांनी जिन्याखालूनच परत पाठवलं, ती झोपली आहे म्हणाले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवण माझं मीच वाढून घेतलं. बायकांचं हे असं आहे, पुरावा नको, सुनावणी नको, थेट शिक्षा.

शुक्रवार, १० मे

धाकटीला ताप आहे असं मेहुणे म्हणतात. दोन दिवस खाली उतरलेली नाही.

बायकोने परस्पर ठाण्यात जाऊन हवालदाराचे कान भरले. माझ्या पाठीमागे! हवालदार काहीतरी निमित्त काढून मेहुण्यांच्या घरी जाऊन आला. दाराआडून धाकटी म्हणाली, "मी बरी आहे." झालं ना मग? पण नाही. मला ठाण्यात बोलावलं आणि विचारलं, "बहिणीनं तुम्हाला काही सांगितलं होतं का?"

मी सगळं सांगितलं. तक्रार कशी ऐकली, दुसरी बाजू कशी घेतली, प्रकरण कसं मिटवलं.

"काय मिटवलंत?" तो म्हणाला.

"गैरसमज."

"मला का नाही बोललात?"

"तिनेच सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस."

हवालदाराने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. या माणसाला चहा टाकताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. कसला चहा होता कोण जाणे.

रविवार, १२ मे

झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी ठाण्यात मी आणि बेकरीवाली होतो. हवालदार गावाबाहेरच्या रस्त्यावर अपघात झाला म्हणून गेला होता. दहाच्या सुमाराला दातांच्या डॉक्टरचा फोन आला. औषधवाल्याच्या घरातून ओरडल्याचा आवाज आला आणि आता काहीच येत नाही. बेकरीवाली फोन ठेवायच्या आत रस्त्यावर होती. मी टोपी शोधत होतो.

दार मेहुण्यांनी अर्धवट उघडलं. शर्ट इस्त्रीचा, एक बटण नव्हतं. "अरे, दादा तुम्ही? काही नाही, जिन्यात पडली. मी मलम लावतोय." खोटं कशाला लिहू? माझ्या तोंडावर आलंच होतं, "बरं, बरं." बेकरीवालीने मला खांद्याने बाजूला सारलं, दार ढकललं आणि आत गेली. मी तिच्या मागे.

धाकटी स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. जबड्याला टॉवेल धरलेला. टॉवेलचा मूळ रंग कुठला ते दिसत नव्हतं. मी समोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, हेच म्हणालो, "काय झालं? नीट सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तोंड उघडत नव्हतं, तरी विचारलं, "दुसरं कुणी नाही का?"

"आहे ना बाळा," बेकरीवाली म्हणाली. "मी आहे." मग मला, "तुम्ही खाली जाऊन उभे राहा."

मी खाली जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने मेहुणेही खाली आले. माझ्या शेजारी उभे राहिले, जसे रोज संध्याकाळी फेरीच्या वेळी राहायचे. माझ्या वर्दीच्या खांद्यावरचा एक धागा काढून टाकला आणि म्हणाले, "हवालदाराला तुम्हीच जरा समजावा, दादा. तुम्हाला तर सगळं माहीत आहे."

मी त्याचं मनगट धरलं. प्रशिक्षणात शिकवलं तसं नाही, नुसतं धरलं. हवालदार येईपर्यंत सोडलं नाही. तो म्हणाला, "दुखतंय, दादा." आवाज तेव्हाही चढला नव्हता.

मंगळवार, १४ मे

जबड्याचं हाड मोडलं आहे. शहरातल्या दवाखान्यात तारेने बांधलं. तिथून ती आमच्याकडे येईल म्हणून मी खोली झाडून घेतली, पलंग खिडकीपाशी ओढला. ती बेकरीवालीकडे गेली.

तिचे कपडे पिशवीत भरून घेऊन गेलो. बेकरीवालीने दारातच पिशवी घेतली. "झोपलीय," म्हणाली. आतून कपबशीचा आवाज येत होता.

बायको आज बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण सरळ बोलली. "मला तिनं कधी तोंडानं सांगितलं नाही. मला दिसत होतं. तुम्हाला सांगायला गेले की तुम्ही हात वर करायचात, चौकात गाड्या थांबवता तसा. ती बिचारी वर्दीला भुलली. तिला वाटलं, आता तरी हा भाऊ कामाचा झाला."

मी जेवलो नाही. अख्ख्या गावाला मी मूर्ख म्हणत आलो. गावात एक मूर्ख होताच, आणि त्याच्या पँटीला कापड कमी पडलं होतं.

शनिवार, १८ मे

हवालदार दुकानात आला. चहा नको म्हणाला.

त्या माणसाचा वकील म्हणतो, जिन्यात पडली, हे सगळं आता रागाने रचलेलं आहे. खरंच इतकी वर्षं मार खाल्ला असता तर कुणाला तरी बोलली नसती का? "आता ती बोलली होती कुणाला?" हवालदार म्हणाला. "अख्ख्या जगात एका माणसाला."

त्याला माझा जबाब हवा आहे. आठ तारखेला तिने मला काय सांगितलं, दंड कसा होता, आणि मी काय केलं. सगळं. मी विचारलं, मी काय केलं ते कशाला? तो म्हणाला, "तुम्ही त्याला सांगितलंत, म्हणून त्याला कळलं. त्याला कळलं, म्हणून रविवार झाला. मधली कडी तुम्हीच आहात. अर्धं सांगून नाही भागणार." जबाब भर कोर्टात वाचला जाईल. शहरात साहेबांकडेही जाईल, आणि मग बिल्ल्याचं विसरा.

तो गेल्यावर त्या माणसाचा थोरला भाऊ आला. चांगला बोलतो, यांच्या घरात सगळेच चांगलं बोलतात. म्हणाला, "तुम्ही खोटं बोला असं कोण म्हणतंय? फक्त नीट आठवत नाही म्हणा. नाहीतर उद्या शेंबडी पोरंसुद्धा तुमच्याकडे बोट दाखवतील, की हाच तो पोलीस." मी त्याला जा म्हटलं नाही. हे इथे लिहून ठेवतो. तो गेल्यावरही मी बराच वेळ विचार करत होतो, आणि विचार त्याच्याच बाजूने चालला होता. नीट आठवत नाही! काय सोपं वाक्य आहे. गल्ल्यामागे बसून मी ते दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. तोंडात छान बसतं.

सोमवार, २० मे

ठाण्यात गेलो. वर्दी धुऊन, घडी घालून पिशवीत नेली होती. अंगावर साधा शर्ट.

धाकटी आणि बेकरीवाली आधीच बाकावर बसल्या होत्या, तिच्या जबाबावर सही करायला आल्या होत्या. मला कल्पना नव्हती. ठाण्याला खोली एकच. हवालदार म्हणाला, "हवं तर उद्या या." मी बसलो.

तो हाताने लिहितो, हळू. मी सांगत गेलो. शटर, बाही, निळा दंड, ती काय म्हणाली. तिने कुणाला न बोलायला सांगितलं होतं तेही. मग म्हणालो, "त्यानंतर मी चौकशीसाठी औषधांच्या दुकानात गेलो."

हवालदाराने पेन उचलून धरलं. "चौकशीला गेलो असं लिहू, की जाऊन सांगितलं असं लिहू?"



"जाऊन सांगितलं, असं लिहा."

त्याने लिहिलं. शब्दाला शब्द सांगितलं, हेही लिहायला लावलं मी. त्या माणसाने दिलेली गोळ्यांची पट्टी मी घेतली, हेही. हवालदाराला त्याची गरज नव्हती, पण त्याने लिहिलं. मग नियमाप्रमाणे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. एवढ्याशा खोलीत तो आवाज जाणार कुठे! ऐकताना असं वाटलं, की असल्या माणसाला मी दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं. सही केली. वर्दीची पिशवी टेबलावर ठेवली आणि उठलो.

बाकासमोरून जावंच लागतं. मी थांबलो. काय बोलणार होतो ते आता आठवत नाही, आणि हे मात्र खरोखरच आठवत नाही. धाकटीने मान वर केली. तारेने बांधलेल्या दातांतून एकेक शब्द सोडवत म्हणाली, "झालं लिहून?"

"झालं."

"मग जा आता, त्यांनाही वाचून दाखव. बरोबर आहे का विचारून ये."

मी हवालदाराकडे पाहिलं, बेकरीवालीकडे पाहिलं. कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.